मानवी आकृत्या : एक

६ जानेवारी २०२५, सोमवार

नवं गाव, नवी नोकरी, म्हणून नवी वही. कॉलेजात असताना रोज लिहायचे, मग सुटलं. आता पुन्हा धरते आहे.

शनिवारी सांगलीहून आले. इंदिरानगरात एका निवृत्त शिक्षिकेच्या घरावरची खोली मिळाली. खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. थंडी अशी की बादलीत हात घालवत नाही, पण मन खूश आहे. मालकीणबाईंनी पहिल्याच सकाळी वाटीभर द्राक्षं आणून दिली आणि मी काय शिकवणार आहे ते विचारलं. मी सांगितलं, घरं बांधायच्या आधी ती कॉम्प्युटरवर उभी करायला. त्या म्हणाल्या, मग खरी कशाला बांधता.

ऑफिस गंगापूर रोडला, एका जुन्या बंगल्यात. खाली सरांची केबिन आणि नकाशे छापायचा भला मोठा प्लॉटर, वर लांबलचक हॉल आणि आठ टेबलं. मधे एकच जिना. शरच्चंद्र गायधनी सर सत्तरीला आले आहेत, अतिशय अदबशीर. वडील रामकुंडावर पौरोहित्य करायचे, हे इमारती करतात. त्यांचं म्हणणं, आता मोठे बिल्डर नुसते नकाशे घेत नाहीत, भिंती, खांब, पाइप, वायरी सगळ्यांसकट अख्खी इमारत मॉडेलमध्ये मागतात. म्हणून त्यांनी नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि ते शिकवायला मला. तीन महिन्यांत सात माणसं तयार करायची. जमलं तर नोकरी कायम.

मी पहिल्याच बैठकीत सुचवलं की शिकण्यासाठी खोटी इमारत कशाला, आपलंच ऑफिस मोजू आणि त्याचं मॉडेल करू. सगळ्यांना पटलं. सरांनी मान डोलावली. रात्रीची भाजीसुद्धा बरी जमली.

७ जानेवारी, मंगळवार

दिवसभर मोजमाप. टेपचं एक टोक माझ्याकडे आणि दुसरं खंडेराव बोरस्ते यांच्याकडे. हे इथले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन, मूळ विंचूरचे, वय सत्तावन्न. मी त्यांना काका म्हणते, ते मला ताई. टेप लावायच्या आधीच ते आकडा सांगतात आणि तो बरोबर निघतो. जिन्याच्या पायऱ्या तर त्यांनी टेप न काढताच लिहून दिल्या. एकतीस वर्षं चढतोय, म्हणाले.

दुपारी पहिला वर्ग. काकांनी विचारलं की यात रेघ कुठं मारायची. मी सांगितलं, रेघ मारायचीच नाही, थेट भिंत उभी करायची. ते पडद्याजवळ सरकले. मग म्हणाले, रेघ चुकली तर खोडता येते, भिंत चुकली तर काय करायचं. सगळे हसले, मीही.

९ जानेवारी, गुरुवार

आठपैकी तीनच मशीनवर सॉफ्टवेअरचा परवाना चालतो. उरलेल्या पाचांवर लाल चौकोन येतो आणि सगळं बंद. कंपनीच्या मदत केंद्राकडे तक्रार नोंदवली. त्याबदली एक नंबर मिळतो, त्याला ते तिकीट म्हणतात. दोन तासांनी ईमेल आला: मशीन बंद करून पुन्हा सुरू करा. केलं. लाल चौकोन. तेवढ्यात दुसरा ईमेल, की तुमची अडचण सुटली आहे, तिकीट बंद करत आहोत, आमच्या सेवेला किती चांदण्या द्याल.

फोन लावला. बावीस मिनिटं वाजंत्री ऐकली आणि फोन कटला.

शिकवण्याचे व्हिडिओ इंग्रजीत, आणि बोलणारा जणू गाडी पकडायला निघालेला. निकिता इथली सगळ्यात धाकटी, दीड वर्षाची नोकरी. तिला बरंच समजतं, पण बाकीचे झोपतात. मी पाठ फिरवली की जुनं सॉफ्टवेअर उघडतात. मी वळले की बंद करतात. शाळेत असल्यासारखं.

१० जानेवारी, शुक्रवार

आज जरा कडक झाले. सरांना सांगून दोन आठवड्यांसाठी प्लॉटर बंद करवला. हाताशी कागद असला की कोणी मॉडेलकडे बघणारच नाही. काका चष्मा काढून पुसत राहिले. मला वाईट वाटलं, पण नाइलाज आहे. पाच दिवसांत कोणाचेही दहा टक्क्यांच्या वर धडे झालेले नाहीत आणि सर रोज टक्केवारी विचारतात.

१३ जानेवारी, सोमवार

परवाने चालू झाले. कसे, ते कोणालाच माहीत नाही.

ऑफिसचं मॉडेल छान दिसतंय. जिना, हॉल, टेबलं, खिडक्या. दुपारी वर्गात ते फिरवून दाखवत होते, तर जिन्याच्या वरच्या टोकाला एक माणूस उभा.

सॉफ्टवेअरमध्ये अशा मानवी आकृत्या तयार मिळतात. खोलीची उंची डोळ्यांना कळावी म्हणून ठेवायच्या. करडा रंग, चेहरा कोरा, उजवा हात किंचित पुढे. मी अजून तो धडा घेतलेला नाही. निकितानं गंमत केली असेल म्हणून विचारलं, ती नाही म्हणाली. पुसून टाकली.

चहानंतर बघते तर पुन्हा तीच आकृती. या वेळी तीन पायऱ्या खाली.

तिकीट नोंदवलं. उत्तर आलं की हा नमुना-संग्रहाचा भाग आहे, नको असलेलं साहित्य साफ करण्याची आज्ञा वापरा. वापरली. गेली. पाच चांदण्या मागितल्या, मी एक दिली.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. आज कोणाचं लक्ष नाही, सगळ्यांच्या बोटांना मांजानं कापलेलं.

आकृती परत आली आहे. जिन्याच्या तळाशी, आडवी.

हे लिहून ठेवायला हवं, कारण तिकिटात लिहिलं ते त्यांना समजलं नाही. ही आकृती आडवी होत नाही. तिचे पाय जमिनीला बांधलेले असतात. फिरवता येते, सरकवता येते, पण निजवता येत नाही. मी तासभर प्रयत्न करून पाहिला. हातपाय वाकवायची तर सोयच नाही.

काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला आणि पडद्याजवळ वाकले.

"ताई, याचा डावा पाय बघा," ते म्हणाले. "गुडघ्यातनं उलटा गेलाय."

मदत केंद्राचं उत्तर: ही अडचण आमच्याकडे येत नाही. कृपया नवी आवृत्ती टाका.

१७ जानेवारी, शुक्रवार

काका जिन्यावरून पडले.

साडेअकरा वाजले होते. मी फळ्यावर लिहीत होते. ते हळूच उठून खाली गेले होते. प्लॉटरचं बटण दाबून एक कागद काढायचा होता त्यांना, एकच. हे मला नंतर समजलं. आवाज आला तेव्हा आम्ही सगळे धावलो. ते तळाशी पडले होते. डावा पाय गुडघ्यातून उलटा.

तसाच. त्याच जागी. मी वर उभी होते आणि मॉडेलमध्ये जिथून बघितलं होतं, तिथूनच बघत होते.

कागद त्यांच्या हातात होता. जिन्याचाच नकाशा, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेला. रेघारेघांचा.

१८ जानेवारी, शनिवार

हॉस्पिटलमध्ये जाऊन आले. ऑपरेशन झालं. पायात सळई घातली आहे. काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्या माझ्याशी नीट बोलल्या, म्हणून मला जास्तच लागलं. प्लॉटर मी बंद केला नसता तर ते चोरून खाली गेले नसते. हे मी काकांना सांगून टाकलं. त्यांनी हातानंच राहू द्या म्हटलं. मग मला जवळ बोलावलं.

"मी घसरलो नाय ताई," ते हळू आवाजात म्हणाले. "खालनं कुणीतरी हात पुढं केला. मला वाटलं आधार देतंय. मी धरायला गेलो."

तेव्हा जिन्याखाली कोणी होतं का, ते मी निकिताला विचारलं. नव्हतं.

२० जानेवारी, सोमवार

मॉडेलमध्ये कोणी काय केलं याची नोंद आपोआप राहते. ती मदत केंद्राकडे मागितली होती, आज आली. तिन्ही वेळा आकृती माझ्या नावानं ठेवलेली आहे. त्या त्या तारखा, त्या त्या वेळा. पंधरा तारखेला सकाळी अकरा दहा. अकरा दहाला मी सात माणसांसमोर उभी राहून खिडकी कशी बसवायची ते शिकवत होते.

ही नोंद सरांनाही गेली. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाणी पुढे केलं आणि विचारलं की काकांची चेष्टा करायचा हेतू होता का. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, कंपनीकडून लेखी खुलासा घ्या, मग बोलू.

तोवर ऑफिसचं मॉडेल तसंच ठेवायचं, खऱ्या कामाला लागायचं, असंही सांगितलं. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीजवळ नोकरदार महिलांचं वसतिगृह बांधतोय आम्ही. चार मजल्यांचा सांगाडा उभा आहे. त्याचं मॉडेल मी आणि निकितानं सुरू केलं.

२१ जानेवारी, मंगळवार

चौथ्या मजल्यावर. मॉडेलमध्ये लिफ्टसाठी सोडलेली पोकळी आहे, तिच्या कडेला तोच करडा माणूस. उभा.

साइटवर संतोष असतो, आमचा इंजिनीअर. त्याला फोन करून विचारलं की पोकळीला काय लावलंय. तो म्हणाला, दोरी बांधलीय. मी म्हटलं, जाड फळ्या ठोका, आजच. त्यानं कारण विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तो म्हणाला, गुरुवारी स्लॅब भरायचा आहे, सुतार अपुरे, सरांकडून लेखी आणा, लगेच करतो.

सरांकडे गेले. त्यांनी हात जोडले, खरंच जोडले, आणि सांगितलं की साइटवरच्या लोकांच्या डोक्यात असलं काही भरवू नका. आधी कंपनीचा खुलासा.

तिकीट नोंदवलं. प्रकार निवडा: काम थांबलं आहे का? नाही. मग प्राधान्य: कमी. उत्तर सात ते दहा दिवसांत.

सात ते दहा दिवसांत.

२२ जानेवारी, बुधवार

सकाळी नऊला मॉडेल उघडलं. चौथ्या मजल्यावर कोणी नाही. पोकळीतून खाली बघितलं. तळाच्या खड्ड्यात आडवा. मान—

ऑफिसला न सांगता निघाले. द्वारका चौकातून जीप मिळाली, मागे अकरा माणसं कोंबलेली, मी दाराशी. सिन्नरला उतरून रिक्षा. संतोष वरच होता, त्याच मजल्यावर, पोकळीपासून तीन हातांवर, फोनवर बोलत. तिशीतला आहे, गेल्या वर्षी लग्न झालंय. मी त्याला काही समजावलं नाही. सुताराला बोलावलं आणि फळ्या उचलायला लागले. मग तो हसला आणि हातोडी घेतली. दोन तास लागले. छातीपर्यंत फळ्या, चारी बाजूंनी. त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, मॅडम, सर तुम्हाला ओरडणार.

सर ओरडले. काही वाटलं नाही.

चार वाजता मॉडेल बघितलं. खड्डा रिकामा.

२३ जानेवारी, गुरुवार

संतोषचा फोन दहा चाळीसला. स्लॅब चालू होता, मागे मिक्सरचा आवाज. तो घाबरलेला होता.

तो पोकळीजवळ उभा होता. फळ्यांच्या पलीकडून, आतल्या बाजूनं, एक हात वर आला. त्याला वाटलं कोणी कामगार आत लटकतोय. तो पकडायला धावला आणि छाती फळीवर आपटली. तेवढ्यानं थांबला. वाकून बघितलं तर आत कोणी नाही.

"फळी नसती तर गेलो असतो," एवढं म्हणाला.

तो वाचला. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

नंतर मॉडेलमधल्या वस्तूंची यादी काढली. सॉफ्टवेअर मोजून देतं: दारं किती, खिडक्या किती. दारं चौऱ्याऐंशी. खिडक्या एकशे बारा. मानवी आकृत्या : १.

सगळे मजले शोधले. गच्ची, टाकी, जिने. कुठेच नाही. पण यादीत आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

निकिता माझ्याजवळ बसत नाही. तिनं टेबल जिन्याकडे सरकवलं. तिला दोष देत नाही.

सगळे जुन्या सॉफ्टवेअरवर परतले. प्लॉटर सुरू झाला. दिवसभर खालून त्याची घरघर. सर म्हणाले, महिना पूर्ण करा, मग बघू. माझ्या वर्गाची टक्केवारी: चार.

यादी पुन्हा काढली. वसतिगृह: मानवी आकृत्या ०.

बरं वाटलं. मग ऑफिसच्या मॉडेलची यादी काढली.

२.

शोधलं. हॉल, जिना, केबिन. कोणी दिसत नाही. दोन आहेत आणि दिसत नाहीत.

२५ जानेवारी, शनिवार

तिकीट. तिकीट. तिकीट. वाजंत्री. एका ईमेलमध्ये लिहिलंय की आपला संयम आमच्यासाठी मोलाचा आहे.

आई म्हणते परत ये. काकांना फोन केला. ते म्हणाले, ताई, जिना उतरताना कठडा सोडू नका. कोणी हात दिला तरी.

२७ जानेवारी, सोमवार

सकाळी अकरा.

मदत केंद्राचा फोन आला. शेवटी. देवव्रत नाव आहे, मराठीच आहे, पुण्यात बसतो. आवाज साधा, समजूतदार. म्हणाला, सात तिकिटं बघितली, आज सोडवूनच टाकू. मला हायसं वाटलं. त्यानं दुरून माझी स्क्रीन बघायची परवानगी घेतली. म्हणाला, जिथं पहिल्यांदा झालं ते मॉडेल उघडा.

उघडलं. हॉल. आठ टेबलं. कोणी नाही.

तो म्हणाला, हां, दिसल्या की दोन्ही.

मी विचारलं, कुठे.

म्हणाला, एक खिडकीजवळच्या टेबलाशी बसलीय, दुसरी जिन्याच्या दारात उभी. मी म्हटलं, मला नाही दिसत. तो म्हणाला, मॅडम, मी तुमचीच स्क्रीन बघतोय.

मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसले आहे.

हॉलमध्ये एकटी. बाकी सगळे खाली, सरांची बैठक. जिन्याच्या दाराकडे बघितलं. कोणी नाही. उघडं दार, कठड्याचं टोक, ऊन.

त्यानं वरिष्ठांना विचारतो म्हणून होल्डवर ठेवलंय. वाजंत्री चालू. नुसतं बसवत नाही म्हणून लिहितेय. हाक मारली, दोनदा. खाली प्लॉटर चालू आहे, कोणाला ऐकू जात नाही. उठून जायचं तर त्या दारातूनच. दुसरी वाट नाही. पण पडायला आधी उठावं लागतं ना. मी उठणार नाही. बसून राहीन. कोणीतरी वर येईलच जेवायला. डबे इथेच आहेत सगळ्यांचे.

अकरा बारा. वाजंत्री.

अकरा चौदा. परत आला. आवाज बदललाय. म्हणाला, बसलेली आकृती आमच्या संग्रहात नाही. अशी आकृती कंपनीनं बनवलेलीच नाही. मग म्हणाला, तिचा हात टेबलावर हलतोय, आणि विचारलं,

"मॅडम, तुम्ही आत्ता वहीत काही लिहिताय का?"

हो म्हटलं.

म्हणाला, थांबू नका. तुम्ही थांबलात की ती दुसरी पुढे सरकते.

काय लिहू. लिहितेय. इरा. माझं नाव इरा. सांगली. खिडकीत ऊन आहे. टेबलं आठ. तो अंतर मोजतोय, सॉफ्टवेअरमध्ये मोजता येतं, मीच शिकवलं सगळ्यांना— तो आकडे वाचतोय. चार मीटर वीस. मी मागे बघत नाही. चार वीस. चार वीस. बोट दुखतंय. शाई— पेन पुसट उठतंय—

झटकलं. दोन साठ म्हणाला. एका झटक्यात दोन साठ. मी तर नुसतं पेन

लिहितेय लिहितेय. दोन साठ. प्लॉटर थांबला खाली. हाक मारते. हाक मारताना लिहायचं. काका

एक दहा. का, मी तर थांबले नाही, मी थांबले नाही. देवव्रतला विचारलं. तो म्हणतो तुम्ही नाही थांबलात मॅडम, तुमचं पेन चाललंय पण मधे मधे कागदावर काही उमटत